हेल्गीच्या बाजूची काच

(गोठलेल्या विनिपेग तळ्याचा काठ, मार्चमधली दुपार. इंगोल्फ मेकॅनिकची शेड. बॉनेट उघडलेला एक जुना ट्रक सुरू आहे.)

राग्ना : अर्धा तास झाला, इंगोल्फकाका. अजून गार हवाच येतेय.

इंगोल्फ : तापमानाचा काटा हलला का?

राग्ना : मधोमध आलाय. सकाळी पार तळाला होता.

इंगोल्फ : मग थर्मोस्टॅट बदलला ते बरं झालं. जुना उघडाच अडकला होता, एंजिन तापूच देत नव्हता. तुझ्या बापाने रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून सहा हिवाळे काढले. वेडा गिस्ली.

राग्ना : पण आता एंजिन तापलंय. हीटर का गार?

इंगोल्फ : कूलंट कमी असेल. हवा अडकली असेल.

राग्ना : कूलंट माझ्यासमोर भरलंत, हवाही काढलीत. टाळताय तुम्ही.

इंगोल्फ : आधी कॉफी घे. उद्या दफनाला चर्चमध्ये गर्दी उसळेल, तुला घासभर खायला मिळायचं नाही.

राग्ना : नको. उजेड आहे तोवर जाळी काढायचीत. बाबा जाऊन चार दिवस झाले, बर्फाखाली मासे कुजतायत.

इंगोल्फ : मी काढतो म्हटलं ना, माझ्या गाडीने.

राग्ना : त्यांची जाळी, त्यांचाच ट्रक. हीटरचे पाइप कुठले? हे दोन?

इंगोल्फ : भाजेल. बंद कर एंजिन.

राग्ना : केलं. अहो, हे गाडीच्या आत जातच नाहीत! एकच पाइप वळवून परत एंजिनात घातलाय.

इंगोल्फ : हीटर गळायला लागला की करतात लोक असं.

राग्ना : गळला असता तर पायाखाली ओल असती. कोरडं ठाक आहे.

इंगोल्फ : बापाची लेक शोभतेस.

राग्ना : शेवटच्या फोनवर काय बोलले मी, माहितेय? 'चिक्कूपणा पुरे, हीटर दुरुस्त करा, नाहीतर छाती भरून मराल.' तसेच गेले. मीच येऊन करून द्यायला हवा होता.

इंगोल्फ : त्याने करू दिला नसता. पाइप मी वळवला, राग्ना. त्याने सांगितलं म्हणून. आम्ही हा ट्रक तळ्यातून वर काढला, वाळवला, तेव्हा.

राग्ना : हेल्गी गेला त्या वर्षी.

इंगोल्फ : हो.

राग्ना : बर्फावर गाडी घातली की काच उघडी ठेवायची, बर्फ फुटला तर बाहेर पडता येतं. बाबांना आणि माझ्या भावाला, दोघांनाही पाठ होतं ते. आई म्हणायची, हेल्गीनेच लावली असणार.

इंगोल्फ : गिस्लीने लावली. पोर कुडकुडत होतं. 'बाबा, थंडी वाजतेय,' म्हणालं. याने त्याच्या बाजूची काच वर केली, हीटर पूर्ण सोडला. उबेत पोराला झोप लागली. तेवढ्यात बर्फ फुटला, ट्रक खाली गेला. गिस्लीचं स्वतःचं दार उघडं होतं, तो बाहेर पडला.

राग्ना : हे कुणालाच सांगितलं नाही?

इंगोल्फ : मला सांगितलं. तुला सांगायचं नाही, असा शब्द घेतला. म्हणून तर सकाळपासून थर्मोस्टॅटशी खेळत बसलो.

राग्ना : तेवीस वर्षं ती काच खाली. मला वाटायचं, बिघडलीय.

इंगोल्फ : पाचर मारलीय त्याने.

राग्ना : जोडा पाइप.

इंगोल्फ : विचार कर.

राग्ना : पक्कड कुठेय? मी धरते, तुम्ही घाला.

इंगोल्फ : घट्ट धर. हं. आता कर सुरू... थांब थोडं. आली का ऊब?

राग्ना : आली. चिखलाचा वास येतोय.

इंगोल्फ : तळ्यातला गाळ वाळून बसलाय आत. तापला की सुटणारच. बंद करू?

राग्ना : नको.

इंगोल्फ : मग ती पाचर तरी काढू? गारठशील.

राग्ना : पाचर राहू द्या. फक्त हवेचा झोत हेल्गीच्या सीटकडे वळवा.