डॉक्टरांच्या डिझेल गाडीवर सात वर्षं

इथं समोर बसा, उजेडाकडे तोंड करून, आणि बोलताना तोंडापुढे हात घेऊ नका, म्हणजे मला कळतं. मी बहिरा आहे हे तुम्हाला सांगितलंच असेल कुणीतरी. पुरता नाय, ढग गडगडले तर कळतात, ट्रक गेला तर पायाला कळतो, पण माणसाचं बोलणं आता मी तोंडावरनं वाचतो. तेव्हा विचारा सावकाश, मी सांगतो सगळं, तसंही मला आता घाई कसली.

मी भिकाजी. मूळचा देवगडकडचा, खाडीच्या काठाला आमचं घर, बापूस दुसऱ्याच्या गलबतावर खलाशी, वर्षाचे आठ महिने बाहेर. आवस आणि आम्ही चार भावंडं. तेव्हा माझे कान असे होते, काय सांगू तुम्हाला, अंधारात नारळ पडला तर कुठल्या माडाचा पडला ते मी अंथरुणातनं सांगायचो आणि आवस सकाळी जाऊन बघायची तर तिथंच. पुढं लढाई लागली आणि मुंबईत मिलिटरीच्या ट्रकवर क्लीनर पाहिजेत म्हणून गावातला एकजण घेऊन आला, तिथं फडकं मारता मारता मी गाडी शिकलो. लढाई संपली, ट्रक गेले, मी राहिलो. स्वराज्य आल्यावर दोनतीन वर्षं इकडेतिकडे काढली आणि मग अंधेरीला डॉक्टरांकडे लागलो.

डॉक्टर म्हणजे देवमाणूस वगैरे मी बोलणार नाय, तापट होते, गाडीत चिखलाचा पाय ठेवला तर माझ्या सात पिढ्यांची आठवण काढायचे. पण त्यांच्या हाताला गुण होता, आणि खरं म्हणजे हाताला नाय, कानाला. छातीला नळी लावायचे आणि डोळे मिटायचे. घरातली सगळी माणसं श्वास धरून उभी, चुलीवरचं दूध उतू जायला लागलं तरी कोणी हलायचं नाय. मग डोळे उघडून बोलायचे, खाली डावीकडे कफ आहे. आणि तसंच निघायचं. पार मरोळपासनं वर्सोव्यापर्यंत लोक त्यांना घरी बोलवायचे ते त्यासाठी.

आता एवढं फिरायचं तर गाडी पाहिजे. होती, जुनी विलायती, आमच्या अख्ख्या खोलीएवढी, पण पेट्रोल अशी प्यायची की विचारू नका. तर कोणीतरी डॉक्टरांच्या डोक्यात भरवलं की कुर्ल्याला एक मिस्त्री आहे, तो पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवतो. बसवलं. ते इंजिन मुळात कुठल्यातरी लाँचचं, मिलिटरीच्या लिलावातलं. गाडीत मावेना, तेव्हा मिस्त्रीने इंजिन आणि आमची बैठक यांच्यामधला पत्रा कापला आणि वरनं पिंपाच्या पत्र्याचा तुकडा मारला, झालं. उजवीकडे मी, डावीकडे डॉक्टर, ते मागं बसायचे नाय, मागं त्यांची बॅग आणि पेशंटांचे नातेवाईक, आणि आम्हां दोघांच्या मध्ये ते धडधडणारं धूड. माझ्या डाव्या कानाला आणि त्यांच्या उजव्या. वर्सोव्याचे कोळी गाडीला डॉक्टरची होडी बोलायचे. ती वळणावर असतानाच त्यांना कळायचं, पोरं ओरडत सुटायची, होडी आली.

आणि तिची एक रीत होती. ती थंड झाली की चालू व्हायची नाय. बॅटरी तिला पुरायची नाय, हँडल मारायचं, घाम निघेस्तोवर मारायचं, एकदा हँडल उलट फिरलं आणि हा बघा आंगठा, तेव्हापासनं असाच वाकडा. म्हणून नियम असा की सकाळी आठाला एकदा ती चालू झाली की दुपारी एकपर्यंत बंद करायची नाय. डॉक्टर घरात जाणार, पेशंट बघणार, आणि मी दारात चालू गाडीत बसून. खाली उतरायची सोय नाय कारण हँडब्रेक नावाला, थरथरत थरथरत ती आपली पुढं सरकायची. संध्याकाळी पुन्हा तेच. सातातली पहिली पाच वर्षं असं रोज. लोक बोलायचे, भिकाजीची काय मजा आहे, बसून नोकरी, मोटारीतनं फिरतो. मी बोलायचो, ये, बस एक दिवस.

जेवण डिझेलचं लागायचं. शर्टाला वास, उशीला वास, घरकारीण, म्हणजे माझी बायको, माझे कपडे वेगळे धुवायची, आधी स्वतःचे, मग माझे. घरी जाऊन पाटावर बसलो तरी हातात मुंग्या आणि कंबर धडधडतेय, जसं काय मी अजून गाडीतच आहे. हे सगळं चालतं हो, अंगमेहनतीच्या माणसाला काहीतरी दुखायचंच. पण एक दिवस घरकारीण पाठीमागनं काय बोलली ते मला कळलं नाय, ती पुन्हा बोलली, मग पुढं येऊन उभी राहिली आणि बोलली, तुमका ऐकाक येणा नाय काय? मी बोललो, येतं की, लक्ष नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली.

मला ठाऊक होतं. आधी डावा गेला, मग उजवा. पण ड्रायव्हर बहिरा आहे असं कळलं तर त्याला ठेवणार कोण? आणि दुसरं काय येतं मला? तेव्हा लपवलं. माणूस बोलायला लागला की तोंडाकडे बघायचं, नाय कळलं तर हसायचं आणि मान हलवायची. हॉर्न ऐकू यायचा नाय म्हणून मान सारखी मागं, माझ्या मानेला ताठा भरला त्याने. इंजिनाचं काय चाललंय ते पायाच्या तळव्याला कळायचं, त्यात माझी चूक कधी झाली नाय. आणि डॉक्टरांना पत्ता लागायचा प्रश्नच नव्हता, गाडीत आम्ही आधीपासनं एकमेकांवर ओरडूनच बोलायचो.

शेवटच्या दोन वर्षांत डॉक्टरांनी नियम बदलला. बोलले, मी पेशंट तपासत असेन तेव्हा गाडी बंद ठेवत जा, त्या आवाजाने मला छातीचं काही कळत नाही. मला वाईट वाटलं, कारण प्रत्येक दारात हँडल मारायचं म्हणजे काय ते माझ्या खांद्यांना विचारा. पण मालक बोलतो तर करायचं. मी गाडी बंद करायचो, ते आत जायचे. माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाय तेव्हा.

तर त्या दिवशी आम्ही वर्सोव्याला हिराबाईकडे गेलो. हिराबाई म्हणजे कोळीण, नवरा तिचा समुद्रात बुडून गेलेला, ती सुकी मासळी करायची आणि तिला एकच मुलगी, आठेक वर्षांची, जनी. जनीला चार दिवस ताप आणि धाप. मी गाडी बंद केली, डॉक्टर आत गेले. दार उघडं, मला सगळं दिसत होतं. मुलगी भिंतीला टेकून बसलेली, बरगड्या वरखाली होतायत. डॉक्टरांनी नळी लावली, डोळे मिटले. मग उघडले, कपाळाला आठी, पुन्हा लावली. मग उठून तसेच दारात आले आणि मला हात फिरवून खूण केली, बंद कर. मी हात हलवून दाखवलं, बंद आहे. ते पुढं आले, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, त्यांचं तोंड मी अजून विसरलो नाय, बंद कर रे ती गाडी, मला काही ऐकू येत नाहीये.

गाडी बंद होती हो. चांगली दहा मिनिटं बंद होती. त्यांच्या मागं हिराबाई उभी, ती एकदा गाडीकडे बघतेय, एकदा डॉक्टरांकडे, जाळी शिवणारे दोघेतिघे सुई धरून तसेच थांबलेले. आणि मला एका क्षणात कळलं, बाकी कोणाला कळायच्या आधी, ती धडधड गाडीतली नाय, त्यांच्या कानातली. मला नसतं कळलं तर कोणाला कळणार होतं?

आणि मी काय केलं सांगू? मी बंद करायचा दट्ट्या धरला आणि ओढला. बंद गाडी बंद केल्याचं नाटक केलं. चार माणसांत त्यांची शोभा होऊ नये म्हणून केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं असं की डॉक्टरांचे कान गेले हे उघडं झालं तर डॉक्टर फिरणार नाय, डॉक्टर फिरले नाय तर गाडी नाय, आणि गाडी नाय तर मी नाय. डॉक्टरांनी मान हलवली, बरं वाटलं त्यांना, आणि ते आत जाऊन पुन्हा मुलीसमोर बसले.

मी बघत होतो. नळी छातीला, डोळे मिटलेले. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, तोंड उघडं टाकून, मासळीसारखं. माझ्याच्याने बसवेना. मी उतरलो, वहाणा काढल्या, ड्रायव्हर कधी आत जात नाय पण गेलो, आणि डॉक्टरांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. ते ओरडत होते, मला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे सोपं गेलं. त्यांचा पंजा मी बॉनेटवर ठेवला. चालू असली की बॉनेट पत्र्याच्या डब्यासारखं हलायचं. आता गप्प होतं. मी बोललो, साहेब, ती मघापासनं बंदच आहे. मी खोटा दट्ट्या ओढला. मलापण ऐकू येत नाय, दोन वर्षं झाली.

 ते आत गेले, खाली बसले, मनगटावरचं घड्याळ काढून उजव्या कानाला लावलं, मग डाव्या. मग माझ्या हातात दिलं. काटा सरकत होता, डोळ्याला दिसत होता. मी कानाला लावलं आणि मान हलवली, नाय. मग त्यांनी ते जनीच्या कानाला लावलं आणि विचारलं, बाय, वाजतंय का गं? तिने होय म्हणून मान हलवली आणि एक बोट उचलून वाजेल तसं हलवायला लागली, टक टक टक. आम्ही दोघं म्हातारे तिच्या बोटाकडे बघत बसलो. मी तेव्हा चाळिशीचाही नव्हतो, पण म्हातारेच बोलायला पाहिजे.

मग हँडल मारलं, मुलीला आणि हिराबाईला मागं घातलं आणि अंधेरीला डॉक्टरांचा पुतण्या नुकताच डॉक्टर होऊन आला होता त्याच्याकडे नेलं. त्याने नळी लावली आणि सांगितलं, छातीत डावीकडे पाणी झालंय, आजच हॉस्पिटलात न्यायला हवं. नेलं. मुलगी वाचली, आता पाटी डोक्यावर घेऊन आईबरोबर बाजाराला येते.

मला वाटलं इथं सगळं संपलं, आता आपल्याला रजा. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर सकाळी आठाला गाडीत बसले, पुतण्याला मागं बसवलं आणि बोलले, मरोळपासनं सुरू कर. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या छातीला नळी लावून त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं होतं, त्या प्रत्येक घरी जायचं. घरं त्यांना पाठ होती. गाडी गल्लीच्या तोंडाला बंद करायची, आत चालत जायचं, पुतण्या तपासणार आणि डॉक्टर बाजूला उभे, पायरीवर, एखाद्या शिकाऊ माणसासारखे. आणि दर घरात तेच सांगायचे, माझं ऐकणं कमी झालंय, मागच्या वेळी मला कळलं नसेल, म्हणून पुन्हा आलो. लोक ओशाळायचे, बोलायचे, कशाला साहेब, आम्ही बरे आहोत की. बहुतेक बरेच होते. दोघांना औषध लागलं.

एका घरी उशीर झाला होता. मरोळला, एक म्हातारी, गणपतीत गेली. तिचा मुलगा डॉक्टरांच्या पाया पडला, बोलला, वय झालं होतं तिचं, तुमचा काय दोष. चहा दिला. डॉक्टरांनी तो पूर्ण प्यायला. गाडीत बसले, मी हँडल मारून आत आलो तर ते पुढं रस्त्याकडे बघत होते, आणि ओरडले नाय, माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलले, वय झालं होतं की मला कळलं नव्हतं, हे आता कोण सांगणार, भिकाजी?  मी गाडी गिअरमध्ये घातली.

तीन आठवडे लागले त्याला. मग होडी भंगारात दिली, भंगारवाल्यानेसुद्धा इंजिनाचे पैसे वेगळे धरले, चांगलं आहे बोलला. डॉक्टर आता दवाखान्यात बसतात, जीभ बघतात, नाडी बघतात, छातीचं काम पुतण्याकडे. माझे कान त्यांनी मोठ्या हॉस्पिटलात दाखवले, तिथले बोलले, गेलं ते गेलं. मला त्यांनी काढलं नाय. मी बाटल्या धुतो, औषध भरल्यावर डोसाच्या कागदी पट्ट्या कापून चिकटवतो, आणि कंपाऊंडर काय सांगतो ते त्याच्या तोंडाकडे बघून करतो. राग? आला होता. त्यांचा आला, मिस्त्रीचा आला, माझा स्वतःचा आला. आता दमलो. रागालासुद्धा जोर लागतो.

घरी एक आहे, उशिराने झालेली, दोन वर्षांची मुलगी. तिला बोलायला लागून चारेक महिने झाले. ती घरकारणीशी काय बोलते मला ठाऊक नाय, लहान मुलाचं तोंड वाचता येत नाय हो, फार भरभर आणि अर्धं. पण तिला एक कळलंय. मी पाठमोरा असलो की ती येते, माझ्या गुडघ्यावर दोनदा थापटते, मी वळेस्तोवर थांबते आणि मग बोलते. आणि आता ती सगळ्यांशीच तसं करते. आईला थापटते, शेजारच्या काकूला थापटते, परवा डॉक्टर घरी आले होते तर त्यांनाही थापटलं आणि मग बोलली. घरकारीण तिला ओरडते, अगो, आमचे कान आसत, नुसती हाक मार. तिला ते पटत नाय. तिला वाटतं माणसाशी बोलायचं म्हणजे आधी त्याला हात लावायचा आणि त्याने वळायची वाट बघायची. करू दे. डॉक्टरांना उदंड आयुष्य मिळो, त्यांनी मला दाराबाहेर काढलं नाय. आणि हिचे कान जन्मभर शाबूत राहोत, बाकी माझं मागणं काही नाय.