चुकण्याची नोकरी

नाही नाही ताई, तिथे नको, ती खुर्ची नव्हे — दिसते खुर्चीसारखी, पण आत नुसते मणी भरलेत, एकदा बसलात की दोघांनी दोन हात धरून ओढल्याशिवाय उठता येत नाही. मागे एक मोठे गृहस्थ आले होते कंपनी बघायला, सूटबूट घालून, ते बसले त्यात, आणि मग उठायला लागले — मी मदतीला गेलो नाही, खरं सांगतो, इथूनच बघत राहिलो. असं बघायला रोज मिळतं होय? या, इकडे बाकावर या. हा बाक मीच आणवला. इथे सगळे उभे असतात नाहीतर लोळत असतात, सरळ बसायची सोयच नव्हती.

तर तुम्ही त्या मोबाइल दाबून बघायच्या जागेसाठी आलात. चिठ्ठी अशी घट्ट धरलीय की ती पळूनच जाणार. मी कोण? मी ती जागाच — म्हणजे सध्या तिच्यावर बसलेला माणूस. घाबरू नका, मी काही चावत नाही, दातच मोजके उरलेत.

ही कंपनी काय करते सांगितलं का कोणी? नसेलच सांगितलं, त्यांना स्वतःला दर सोमवारी नव्यानं ठरवावं लागतं. घरात नळ गळतोय, दिवा लागत नाही, दार अडकलंय — मोबाइलवर बटण दाबायचं की माणूस दारात हजर. मी चाळीस वर्षं तोच दारात हजर होणारा माणूस होतो, नळवाला, बटण नव्हतं तेव्हा, लोक खिडकीतून हाका मारायचे. शिक्षण चौथी — पाचवीनं मला आत घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी हे पाचच जण होते, एका छापखान्यावर दोन खोल्यांत, आणि त्यांचं बेसिन तुंबलं. मी खाली वाकलेला, हात ओले, आणि हा मालक — तेव्हा त्याला नीट मिशीही नव्हती — माझ्या नाकासमोर मोबाइल धरून म्हणतो, काका, यावरून नळवाला बोलावून दाखवा. मी म्हटलं, अरे मी आलोय की. तो म्हणे, तरी बोलवा. मी दाबलं काहीतरी आणि सगळं बंद पडलं. मला वाटलं मोडलं, आता हा ओरडणार. तर हा बाकीच्या चौघांना हाका मारतोय, या या, काकांनी कुठे दाबलं बघा. चार वेळा करायला लावलं, मी चारही वेळा निरनिराळं चुकलो, आणि ते पाचजण असे बघत होते जसं मी मूल जन्माला घालतोय. पुढच्या आठवड्यात गळ्यात हे कार्ड. वाचा काय लिहिलंय — वापर-अनुभव तज्ज्ञ. तज्ज्ञ हा शब्द मला लिहिता येत नाही, पण गळ्यात आहे.

मग वाढायला लागले, आणि वाढले म्हणजे किती, पाचाचे पन्नास, पन्नासाचे दोनशे, जागा तीनदा बदलली, तीही अशी की शुक्रवारी एका इमारतीतून घरी जायचं म्हणून निघालो आणि सोमवारी तिथे दुसरीच कंपनी. मला काय माहीत, मी जाऊन बसलो आपला रोजच्यासारखा, त्यांनी मोबाइल दिला, मी दाबला — त्यांनीही वहीत लिहून घेतलं हो. दुपारी कळलं. इथे आलेला प्रत्येक जण तीन महिन्यांत कशाचा तरी प्रमुख होतो, आता इतके प्रमुख झालेत की हाताखाली घ्यायला माणूस उरला नाही, म्हणून अजून माणसं घेतात. मीटिंग उभ्यानं — लवकर संपावी म्हणून. दीड तास उभे असतात. मला तेवढं बसू देतात, वयाचा मान, मी आपला बसून त्यांच्या पोटऱ्या बघतो. मालक म्हणतो, आपण सगळे एक कुटुंब आहोत. मी म्हटलं, मग कुटुंबातल्या निदान शेजारच्या टेबलावरच्याचं नाव सांग. त्याला आलं नाही. हसला बिचारा, हसण्यात कमी नाही तो. आणि भिंतीवर ते बघितलंत का, हे एवढाल्या अक्षरांत — लवकर चुका, पुष्कळ चुका. मला वाटलं माझ्यासाठीच रंगवून घेतलंय.

काम काय असतं? बसायचं, मोबाइल हातात, वर कॅमेरा, समोर ती बटणवाली मुलगी — म्हणजे ती बटणं काढते, कुठलं केवढं, कुठल्या रंगाचं — आणि मागे दहा-बारा जण श्वास रोखून. नियम एकच. मला कोणी काही सांगायचं नाही. बोट चुकीच्या जागी चाललंय हे दिसतंय, ओठ चावतील पण सांगणार नाहीत. हसू नका, ताई, तुमच्याकडे काय होतं? आमच्याकडे मी रिमोट उचलला की मुलगा म्हणतो, बाबा, द्या इकडे. सून म्हणते, राहू द्या, मी करते. आठ वर्षांची नात, ती तर काही म्हणतच नाही, सरळ हातातून काढून घेते. घरी माझं चुकलं की सुस्कारा आणि इथे माझं चुकलं की बारा माणसं पेन उघडतात. दोन वर्षांत या घटकेपर्यंत इथे मला एकानं म्हटलेलं नाही, द्या इकडे.

पण ताई, दोन वर्षं रोज दाबल्यावर यायचं राहतं का? आठव्या महिन्यात यायला लागलं. मग खिशात हात घालून न बघता यायला लागलं. आता सांगायचं कुणाला? नोकरी न येण्याची, आणि मला येतंय. मग काय, नाटक. बागेत जाऊन बसायचो, माझ्या वयाचे लोक मोबाइल कसा धरतात बघायला. थोरल्या भावाकडून डोळे बारीक करणं उचललं, आमच्या हिच्याकडून नखानं टोचणं. एकदा उलटा धरला मुद्दाम, तर एक जण म्हणाला, वा. मजा यायची हो, खोटं कशाला बोलू, सोंग वठलं की कुणाला मजा येत नाही.

त्या बटणवालीनं काढलेलं हिरवं बटण मात्र... तिनं तीन आठवडे घालवले होते त्यावर. छान होतं, बेताचं, जिथे बोट जातं तिथेच. मला पाहताक्षणी दिसलं. आणि मी म्हटलं, कुठाय? मला नाही दिसत. सवयीनं गेलं तोंडातून. तिनं ते पुसलं आणि मोठं काढलं. मी पुन्हा म्हटलं, दिसत नाही — आता आधी दिसत नव्हतं म्हटल्यावर लगेच कसं दिसेल? असं करत करत आज ते बटण ताटाएवढं झालंय, पडद्यावर दुसरं काही मावतच नाही. लोक लिहून पाठवतात, हे काय लहान मुलांचं खेळणं आहे का. तिकडे टीव्हीवर ती रेघ दिसते ना, रोज किती जण माणूस बोलावतात त्याची, ती पूर्वी वर चढायची. आता आडवी झालीय, आणि सगळे प्रमुख त्या मुलीकडे बघतात. ती म्हणते, काय करू, काकांना दिसत नाही.

बरं, जाऊ द्या. गेल्या मंगळवारी माझंच फसलं. मालक पाहुण्यांना दाखवत होता आणि मोबाइल अडकला, कोणाला काही सुचेना. माझ्या हातात आला तो, आणि हातच गेला हो, मी नाही — मागे, मागे, दाबून धरलं, बंद, चालू, हिरवं, नळ, हो, वेळ, झालं. आठ सेकंदांत, एका अंगठ्यानं. पाहुणे म्हणाले, अरे वा, हे काका तर सराईत आहेत. बटणवालीनं वही मिटली. हळूच मिटली, आपटली असती तर बरं वाटलं असतं. आणि दोन दिवसांनी कळलं, नवं माणूस बघतायत, अगदी कोरं.

म्हणून सकाळपासून मी या बाकावर. तुमच्या आधी दोघं येऊन गेले. दोघांना इथेच प्रेमानं बसवून सगळं शिकवलं, कुठे दाबायचं, कधी धरायचं — आत गेले, फटाफट करून दाखवलं, चार मिनिटांत बाहेर, छाती फुगवून. ज्याला येतं तो काय कामाचा? आता तोंडावर सांगून टाकलं तुम्हाला, पण असू दे, तुम्हालाही शिकवणारच आहे. धरा हा माझा मोबाइल. दाबा ते हिरवं, चुकवू म्हटलं तरी चुकणार नाही. हां. आता नळाचं चित्र. शाबास. आता तो विचारतोय, तुम्ही आत्ता घरी आहात का. हो दाबा.

नाही काय? नाही दाबलंत? बंद झालं ना ते. पुन्हा करा. हिरवं, नळ — हो दाबायचं, ताई. अहो, पुन्हा नाही? माझ्याकडे असं काय बघताय? तुम्ही इथे बसलायत हे मलाही दिसतंय, पण ते...

थांबा.

खरंच की. तुम्ही घरी नाही आहात. मग हो कसं दाबणार. मी दोन वर्षं इथे, या कंपनीत बसून, रोज दहादा हो दाबत आलो, माझ्या मागे बारा माणसं, बाराही घरी नाहीत, एकालाही वाटलं नाही हा खोटं बोलतोय. आणि मी नळवाला, मला तर सुचायला हवं होतं — म्हातारीचा नळ फुटला की मुलगा कामावरूनच बोलवायचा, घरात पाणी आणि घरमालक चार गल्ल्या लांब, निम्मी माणसं तशी. ती सगळी या प्रश्नाशी येऊन खरं बोलली असतील आणि या मोबाइलनं त्यांच्या तोंडावर दार लावलं असेल. मी उलटा मोबाइल धरून वा मिळवली, ताई, पण हे असलं चुकणं मला दहा जन्मांत जमलं नसतं.

ती बघा, बटणवाली आली दारात, तीच ती. हो ग, यांनाच पाठवतोय. नाही, काही शिकवलं नाही, शिकवूनही उपयोग नाही.

उठा. मी जे सांगितलं ते सगळं सोडून द्या. तो प्रश्न आला की आत्ता दाबलंत तेच दाबा, आणि ती म्हणाली का, तर माझ्याकडे बघितलंत तसंच तिच्याकडे बघा. कोणी हसलं तरी हो दाबू नका. आणि तिला सांगा, काकांना ते बटण पहिल्याच दिवशी — नको, ते नका सांगू. ते मीच सांगेन, तुमचं झालं की आत येऊन. जा आता, तिला ताटकळत ठेवू नका.

अहो, मोबाइल. माझा मोबाइल द्या की. अजून विचारतोच आहे, घरी आहात का, घरी आहात का. दम धर ना रे, तिला सांगून झालं की घरीच जातोय.