धारेच्या वेळी शांतता राखा

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या दूध संघाचे चेअरमन लालासाहेब, व्यासपीठावरचे सर्व संचालक, पलूस परिसरातले दूध उत्पादक, आणि मागच्या खुर्च्यांवरच्या भगिनींनो,

भगिनींना मागेच बसवायची पद्धत आहे, म्हणून आवाज जरा चढवते.

आज संघाच्या प्रयोगशाळेतल्या ब्राह्मीचा निरोप समारंभ. ‘घरगुती कारणास्तव’ ती नोकरी सोडते आहे, असं सूत्रसंचालकांनी गोड आवाजात सांगितलं. ते घरगुती कारण चार महिन्यांचं आहे. त्या बाळाचं नाव अतिशय. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झाले. ब्राह्मी माझी विद्यार्थिनी, म्हणून दोन शब्द गौरवाचे बोलायला मला बोलावलं. पण गौरव मी चेअरमनसाहेबांचाच करणार आहे.

सकाळी त्यांनी मला संघाचा आदर्श गोठा दाखवला. पंखे, रबरी गाद्या, हळू आवाजात सनई. भिंतीवर पाटी: ‘धारेच्या वेळी शांतता राखा.’ आधी रेडकू लुचवतात, मग धार. मी म्हटलं, “एवढे लाड?”

“आवं बाई, धारंच्या वक्ताला म्हस बुजली की पान्हा चोरती. लय जपावं लागतंय.”

अगदी बरोबर! एवढंच समजावायला मी वर्गात घसा कोरडा करत असे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. पिल्लू लुचलं की तिच्यातून प्रोलॅक्टिन येतं, ते दूध तयार करवतं. आणि ऑक्सिटोसिन येतं, ते पान्हा सोडवतं. भीती, घाई, लाज वाटली की ऑक्सिटोसिन अडतं. लुचणं थांबलं की मेंदू प्रोलॅक्टिनला लगाम घालतो आणि दूध आटतं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर पुस्तकातलं हे पान डिंकाने चिकटवून टाकत. आपल्या संघाने ते उघडलं, पण फक्त म्हशीपुरतं.

ही ग्रंथी ब्राह्मीलाही आहे. खात्री नसेल तर तपासून घ्या.

तिच्या सासूबाई त्रिशलाताई रोज दुपारी नातवाला घेऊन फाटकापाशी उभ्या राहतात. बाळ आत आणायचं नाही, स्वच्छतेचा प्रश्न! रेडकू मात्र आवारभर फिरतं. ब्राह्मीने एखादी खोली मागितली, तर उत्तर मिळालं, “बाथरूम हाय की!” तिथे बसली, तर दारावर थापा: “मॅडम, टँकर खोळंबलाय!” आता दूध कमी होत चाललंय. त्रिशलाताई मला म्हणाल्या, “मी सूनबाईला म्हटलं, गोठ्यातच जाऊन बस गं. तितं पंखा तरी हाय!”

ब्राह्मीला नोकरी सोडायची नाही. मी विचारलं. तुमच्यापैकी कुणी विचारलं होतं का?

मघापासून सगळे तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघताय. ताटात नारळ आहे, शाल नाही, हेही काहींच्या लक्षात आलं असेल. या सभागृहामागे चेअरमनसाहेबांची विश्रांतीची खोली आहे. दार काचेचं. शाल चांगली जाड निघाली, ती मी त्या दाराला आतून लावली आहे. अतिशयला मी माझ्या गाडीतून आणलं; प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकावर अडवत नाहीत. गोठ्यातली पाटीही उसनी आणून बाहेर टांगली आहे.

तेव्हा लालासाहेब, शाल दारावरून काढून निरोपाची म्हणून ब्राह्मीच्या खांद्यावर घालायची, की दारावरच राहू द्यायची, हे तुम्ही अध्यक्षीय भाषणात सांगावं. दूध उत्पादक ऐकायला बसले आहेत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. टाळ्या मात्र नकोत. पोर आत्ता कुठे प्यायला लागलंय.