व्याह्यांच्या घरचा चहा

बसा मंडळी, पुढं सरका. खांबाला टेकून बसलेत त्यांनी मात्र तिथंच राहावं — डोळा लागला तरी पडणार नाहीत! माझंच कीर्तन आहे, मला अंदाज आहे.

आधी एक सवाल. नियम मोठा, की लेक मोठी?

पाहा, बायका लगेच म्हणाल्या — लेक! पुरुषांनी आधी बायकोकडं पाहिलं, मग तेही म्हणाले — लेक! एकमत झालं. मग आख्यान कशाला? उठा, घरी जाऊ! … नाही ना? मग ऐका.

आज अच्युतराव हुपरीकरांना जाऊन वर्ष झालं. ते जयसिंगपुरातले सी.ए., संस्थांचे हिशेब तपासणं हा त्यांचा धंदा. त्यांची एकुलती एक मुलगी वैजयंती. कोण वैजयंती? ही काय, चिपळ्या घेऊन तुमच्यासमोर उभी! पण कीर्तनात 'मी, मी' शोभत नाही. शिवाय 'मी' म्हटलं की माझी पट्टी सुटते आणि पेटीवाल्या काकांना सूर सापडत नाही. म्हणून तिला आपण 'ती' म्हणू. थट्टाही मोकळेपणानं करता येईल!

तर अच्युतराव. घरात कसा माणूस? बायकोला, कुमुदताईंना, दम्याचा त्रास. फोडणीचा धूर सोसायचा नाही. म्हणून हे ऑफिसला निघताना टाय खांद्यावर टाकून मोहरी तडतडवणार! मुलीच्या वेण्या हेच घालणार. भांग असा सरळ, की बाई वर्गात विचारायच्या, "पट्टी लावून पाडतात का गं?" पोरीला ताप आला की ऑफिस बंद. कंपन्या थांबतील, थर्मामीटर थांबणार नाही!

आणि ऑफिसात? तिथं एक नियम. ज्या संस्थेची तपासणी चालू, तिथला चहा घ्यायचा नाही. पाणीसुद्धा नाही! सकाळी स्वतः चहा करायचा, थर्मासात भरायचा, तोच दिवसभर प्यायचा. कायद्यात असं काही नाही बरं का. हा त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलेला नियम. असले नियम फार वाईट — त्यांतून पळवाट काढायला वकील सापडत नाही!

आता वैजयंती. मराठी घेऊन एम.ए. झालेली. इतकी पुस्तकं वाचलेली, की साधं "भूक लागली" म्हणायलाही तिला प्रस्तावना लागायची. (आज तुम्ही तीच ऐकताय.) कॉलेजात तिचं निरंजन रुकडीकरशी जमलं. मुलगा चांगला, शिकवायला लागलेला. दोन्ही घरं राजी. अडचण कुठं? निरंजनचे वडील, भालचंद्रराव, गावातल्या पतसंस्थेचे अध्यक्ष. आणि त्या वर्षी त्या पतसंस्थेचे ऑडिटर कोण?

बरोबर! मंडळी हुशार आहे.

रुकडीकरांनी बैठकीला बोलावलं. तारीख धरायची, देण्याघेण्याचं काही नाही, नुसतं गोड बोलायचं. अच्युतराव, कुमुदताई, मागं नवी साडी चापूनचोपून नेसलेली वैजयंती. सोफ्यावर निरंजनची आजी, माई. निरंजनच्या आई शकुंतलाबाईंनी ट्रे आणला. पोहे, वर ओलं खोबरं. वेलदोड्याचा चहा, वास दारापर्यंत!

अच्युतरावांनी हात जोडले. "मला नको."

"साखर चालत नाही का?"

"चालते."

"उपास?"

"नाही."

"मग?"

"ऑडिट चालू आहे."

आणि मंडळी, त्या माणसानं पिशवीत हात घातला — आणि थर्मास काढला! व्याह्यांच्या दिवाणखान्यात! झाकणात स्वतःचा चहा ओतला. कुमुदताईंनी डोळे मिटले. वैजयंतीला वाटलं, धरणी दुभंगावी. सीतेला दुभंगली होती. पण ती राजाची लेक, ही ऑडिटरची. फरशी हलली नाही!

भालचंद्रराव हसत म्हणाले, "अहो, हा घरचा चहा. संस्थेचा नव्हे!"

"कप घरचा आहे," अच्युतराव म्हणाले, "देणारा माणूस तोच आहे."

झालं! शकुंतलाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आदळला. "आमच्या हातचा घोटभर चहा ज्यांना चालत नाही, त्यांची मुलगी आमच्या हातचं जेवणार का? व्याही नव्हेत, कलेक्टर आले जसे!"

लग्न मोडायला आलं. कशावरून? हुंड्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही. चहावरून!

तेवढ्यात काय झालं? माई बोलल्या. नव्वदीच्या माई, ऐकू कमी, पण डोळे लख्ख. त्यांनी नको म्हणून जोडलेले हात पाहिले, आणि चेहरा असा फुलला! "शकू, चिडतेस काय? अगं, जुनी रीत पाळतोय तो! मुलीचा बाप मुलीच्या सासरी नातवंड होईस्तोवर पाण्याला शिवत नाही. माझ्या वडलांनीही पाळलं. हल्ली कोण पाळतं? घरंदाज माणूस आहे हो!"

बघा! देव असा येतो मंडळी, नऊवारी नेसून! शकुंतलाबाईंचा चेहरा सैल झाला. भालचंद्ररावांनी सुटकेचा श्वास टाकला. वैजयंती मनात म्हणाली, बाबा, काही करू नका. बोलायचंसुद्धा नाही. नुसतं खाली बघा, लग्न झालं!

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? मी असते तर डोक्यावर पदर घेऊन माईंच्या पाया पडले असते!

अच्युतरावांनी थर्मासाचं झाकण लावलं. माईंच्या जवळ गेले, कानाशी वाकले, आणि मोठ्यानं म्हणाले, "नाही हो माई. ती रीत आमच्याकडं नाही. ऑडिटच आहे!"

हरि हरि! एवढा सरळ भांग पाडणाऱ्याला एवढंसं वाकडं बोलता येऊ नये?

वैजयंती उभी राहिली. सगळी पुस्तकं विसरली. "बाबा, सोडून द्या ते ऑडिट! दुसरा कुणी करील!"

"अर्ध्यावर?" ते तिच्याकडं वळले. "ऑडिटर अर्ध्यावर पळाला, एवढं कळलं तर उद्या सकाळी ठेवीदार दारात येतील. संस्थेत काही काळंबेरं नसताना. यांचं नाव जाईल."

"आणि माझं लग्न गेलं तर?"

मग शकुंतलाबाईंनीच विचारलं, आता आवाजात राग नव्हता, "खरं सांगा भावजी. पोटच्या मुलीसाठीसुद्धा एक घोट नाही?"

"तिच्यासाठीच नाही," अच्युतराव म्हणाले. "माझी सही अजून व्हायची आहे. आज इथं चहा घेतला, तर गाव म्हणेल, व्याह्याच्या चहावर सही झाली. आणि पुढं कधी घरात भांड्याला भांडं लागलं, तर कुणीतरी हिला म्हणेल, 'बापाच्या सहीनं आलीस.' तिनं या घरात मान वर करून यावं. तारीख सहीनंतरची धरा. चूक सापडली तर मी लिहीन, हेही आत्ताच सांगतो. मग मुलगी करून घ्यायची की नाही, तुम्ही ठरवा."

भालचंद्रराव कपाकडं बघत होते. म्हणाले, "लिहा. सापडली तर लिहाच."

शकुंतलाबाईंनी मात्र वेगळंच केलं. हात पुढं केला. "द्या तो थर्मास. आम्ही तुमचा घेऊ नये, असा तर नियम नाही ना?"

अच्युतराव विचारात पडले! खरोखर पडले! मग म्हणाले, "नाही. त्याला हरकत दिसत नाही."

बाईंनी झाकणात ओतून घोट घेतला. आणि तोंड असं केलं — "अगंबाई! हा चहा? सकाळपासून हा पिता? कुमुदताई, लग्न पक्कं! या माणसाची आणखी परीक्षा काय घ्यायची!"

घर हसलं. माईंना काहीच ऐकू आलं नव्हतं. त्या शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिल्या, फार जुन्या वळणाचा व्याही आहे!

तर मंडळी, नियम मोठा की लेक? आता घाईनं उत्तर देऊ नका. त्या माणसाच्या घरात ही दोन नावं वेगळी नव्हतीच. लेकीला हे कळायला किती वेळ लागला, ते विचारू नका. एम.ए. होती ना!

आता तुमच्याकडं वळते. आज दुपारी या देवस्थानच्या विश्वस्तांनी मला आलं घातलेला चहा दिला. छान होता! आणि तेव्हापासून, सभामंडपाची गळती चार वर्षं तशीच आहे, हे बोलायचं माझ्या जिभेवर येतंय आणि परत जातंय. हे असं असतं! आपण सगळे कुणाकुणाचा चहा पिऊन बसलोय. मग चूक दिसते, आणि आपण म्हणतो, जाऊ दे, चांगली माणसं आहेत.

उद्या कुणी कप पुढं करील. एवढंच बघा — याला 'तुझं चुकलं' म्हणायची वेळ आली, तर जीभ वळेल का? वळणार असेल तर खुशाल प्या, दोन कप प्या! नसेल तर नको म्हणा. आणि खरं कारण सांगायचा धीर नसेल, तर वैजयंतीसारखं सांगा, "पित्त झालंय." आजची दुपार सोडली तर बापाचा नियम तिनं उचलला, बापाचा धीर अजून उचलवत नाही.

चला, टाळ घ्या. आता त्याचं नाव घेऊ, ज्याला आपण रोज नैवेद्य दाखवतो, आणि तरीही जो आपल्या बाजूनं खोटं बोलत नाही!