रोह्याच्या बाजारातला भोंगा

तुम्ही हसाल, पण रोह्याच्या बाजारात मी गेले होते भाजीला आणि घेऊन आले बॅटरीवरचा भोंगा. सासूबाई म्हणाल्या, “काय गो, निवडणुकीला उभी रायतेस काय?”

आठवड्याने उधाण आलं आणि धरमतर खाडीच्या आमच्या बांधाला खांड पडली. खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं पीक विसरायचं. माणसं पार दुसऱ्या टोकाला लावणी करत होती. वाऱ्यात माझी हाक पोचेना. धावत घरी गेले, भोंगा आणला नि ओरडले, “बांध फुटलाय! फावडी घेऊन या!”

सगळं गाव धावलं. भरती चढायच्या आत खांड बुजली. आम्ही चिखलातच बसलो. सासूबाईंनी माझ्या हातातला भोंगा घेतला आणि अख्ख्या गावाला आमच्याकडे चहाला बोलावलं.