घंटेच्या जिभेला बांधलेलं फडकं

मंडळी, ऐका! आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग आख्यान. दारात दुःख बसलेलं असताना घरातल्या माणसानं हसावं का? — बोला!

मुकाट! बरोबरच आहे. आल्या आल्या तुमच्या पंचांनी मला बाजूला घेतलं. "बुवा, पावसाळ्यात गावानं माणसं गमावलीत. यंदा हसवू नका. टाळसुद्धा हळू वाजवा." म्हटलं, बरं! नाही हसवत. गोष्ट तरी सांगू ना?

तर नदीकाठी एक गाव होतं, बोरतळ. बाजाराहून परतताना तिथली होडी भोवऱ्यात सापडली. नावाडी रायाजी गेला. हैबतीतात्यांचा कर्ता मुलगा गेला. आणखी कुणाकुणाचं कोण! गावात चूल पेटे, पण फोडणीचा वास येईना. आणि एक शब्द तर गावातून उठूनच गेला. कोणता? अहो, आपल्या आया पोरांना लाडानं काय म्हणतात? "ये जेवायला, मेल्या!" — तो! मेल्या म्हणायची कुणाची छाती होईना.

हैबतीतात्या गावचे वडीलधारे. त्यांनी पोथीवरचं लाल खारव्याचं फडकं फाडलं आणि देवळाच्या घंटेची जीभ बांधली. वर्षभर नाद बंद! उरलेला तुकडा घेऊन निघाले, तो शाळेच्या घंटेला बांधला. देव मुका, शाळाही मुकी!

आता शाळेत नाटक बसलेलं. रुसलेल्या सूर्याचं. सूर्य उगवत नाही आणि कोंबडा त्याला आरवून उठवतो. कोंबडा कोण? रायाजीची तुळसा! दिघे गुरुजी हात जोडून म्हणाले, "तात्या, नाटक रद्द करतो." तात्या म्हणाले, "करायलाच पाहिजे. सुतकात कसला तमाशा!"

तेवढ्यात शाळेच्या दारात रायाजीची बायको येऊन उभी राहिली. कोंडाबाई. कपाळ मोकळं, हात मोकळे — पण मान? ताठ!

"नाटक होणार."

"कोंडे, तुझं कुंकू जाऊन महिना न्हाई झाला! लाज न्हाई वाटत?"

"तात्या, त्येंनी होडीत बसवून पोरीला आरवाय शिकवलं. आख्खी नदी हसायची! माझा धनी नदीनं नेला. त्येंचं आरवणं पोरीच्या गळ्यात हाय. त्ये तुमी नेताय व्हय?"

मंडळी, वाद हरला की माणूस काय करतो? काठी आपटतो! तात्यांनीही आपटली, आणि गेले.

नाटकाला गाव लोटला! प्रेमानं नव्हे हो! ही बाई काय दिवे लावते ते बघायला. निंदेचं आमंत्रण असलं की माणूस कीर्तनापेक्षा लवकर येतो! तात्याही आले. मागं उभे, हातात काठी.

पडद्याला चादर. पण नाटक सुरू कसं व्हायचं? तिसरी घंटा झाल्याशिवाय? गुरुजी घंटेजवळ गेले, फडक्याकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं... आणि परत आले! पोरं आत कुजबुजतात.

कोंडाबाई उठली. दातांनी गाठ ओढली. फडकं सुटलं! — टण्! टण्! टण्!

अहो, कित्येकांनी कान झाकले. आणि फडक्याचं काय केलं तिनं? तेच लाल फडकं तुळसाच्या डोक्यावर बांधलं. झाला कोंबड्याचा तुरा! सुतकाचाच तुरा केला, मंडळी!

तुळसा पुढं आली. आरवली. कुकूच कूऽऽ! थेट रायाजी! शेवटाला तोच हेल. बायकांनी पदर तोंडाला लावले.

आणि सूर्य? सूर्य येईना! कागदाचं तोंड लावून सुताराचा बाळ्या चादरीमागं बसला होता, तो वाट बघून बघून झोपला! तुळसा पुन्हा आरवली. सूर्य घोरतोय! तिसऱ्यांदा आरवली, आता डोळे भरलेले. बापाचा आवाज फाटायला लागला...

आणि मागून काठी कडाडली! "अरं ऊठ की, मेल्या! पोरगी कवाधरनं वरडतीय!"

कोण बोललं? हैबतीतात्या!

शब्द तोंडातून गेला आणि तात्यांनी जीभ चावली. सगळ्यांनी कोंडाबाईकडं बघितलं. ती — हसली! आधी नाकातून, मग पोट धरून. हसता हसता रडली, रडता रडता हसली. बाळ्या दचकून उठला, सूर्य तोंडावरनं पाठीवर गेलेला! मग गाव जे हसलं म्हणता! तात्या भिंतीला टेकले, काठी गळून पडली, आणि लेकाच्या नावानं त्या दिवशी पहिल्यांदा मोकळं रडले. हसण्यानं दार उघडलं, मंडळी, तेव्हा रडणं बाहेर आलं!

दुःखाचिया दारी । सुख ये पाहुणे ।
त्यासी उणेदुणे । बोलू नये ॥

आता तुमच्याकडं वळतो. पोरांना घरी ठेवून आलात. टाळ पिशवीत कोंबलेत. मला म्हणता, हळू! अहो, गेलेली माणसं काय तुमची शांतता ऐकायला बसलीत? त्यांचा एखादा हेल, एखादी थट्टा तुमच्या पोरांच्या गळ्यात असेल. तिला फडकं बांधणारे तुम्ही कोण? नाही बोलणार मी हळू! पंचांनी बिदागी दिली नाही तरी नाही!

काढा ते टाळ! पोरांना हाका मारा! कोंबडा केव्हाचा आरवतोय —

उठा की, मेल्यांनो!