भावाच्या मागावरचा शर्ट

माहा जनम पवनीचा, कोष्ट्याच्या घरचा, म्हंजे डोळे उघडले तेव्हापासून कानात मागाचा खटखट आवाज, अन् काय सांगू तुमाले, अजूनही मले लई शांत जागी झोप येत नाही. माय सुताच्या कांड्या भरे, बाप विने, अन् आम्ही दोघी बहिनी अन् एक भाऊ नामदेव, त्यात मोठी मी, विमल. मोठी म्हनून मान काही भेटला नाही, काम तेवढं भेटलं. लगन होऊन वरठीले आली तं घरात माग नाही, काही नाही. माहे मालक जातीचे कोष्टीच, पन कारखान्यात लागलेले, सायकलले डबा लटकवून लोखंडात जात अन् घरी येत तं वळखू येत नसत. म्हनून सुट्टीच्या दिवशी त्यायले शर्ट लागे पांढरा अन् असा कडक का खाली ठेवला तं उभाच राहावा. ऐट होती बाप्पा, आता म्हातारे झाले तं काय.

धोब्याचं काम त्यायले पटे नाही, म्हनून घरीच मी प्रेस करो. भाताची पेज गाळून तिच्यात शर्ट बुडवाचा, सावलीत वाळवाचा, मंग पान्याचा शिपका मारून गुंडाळून ठेवाचा अन् ओलसर हाये तवरच प्रेस फिरवाची, काहून का हातमागाचं सूत कोरडं झालं का कोनाचं ऐकत नाही, आमच्या मालकासारखंच. आधी कॉलर, मंग कफ, मंग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. लाईट गेली तं तांब्यात निखारे टाकून तोच फिरवो. शेजारच्या बाया हासत, म्हनत, विमलबाई, नवऱ्याले कागदात गुंडाळून पाठवता का काय कुठं. मीबी हासो.

तं तो शर्ट. नामदेवनं बापाचा माग सोडला नाही. गल्लीतले सगळे सोडून गेले, कोनी दुकान टाकलं, कोनी नागपूरले गेलं, हा एकटा खटखट करत राहिला. त्याच्या पोरीचं लगन निंगालं तं त्यानं घरच्या दोघा जावयाईसाठी, म्हंजे आम्हा दोघी बहिनीच्या मालकाईसाठी, सोताच्या हातानं कापड विनलं, पांढऱ्यात निळी बारीक धारी, महिना महिना बसला त्याच्यावर. आता आमच्यात रीत अशी का मांडवात मान कराचा तं आधी मोठ्या जावयाचा, कुकू लावाचं, नारळ द्याचा, कापड हातात द्याचं, मंग लहान्याचा. पन लहान्या बहिनीच्या मालकाले गोंदियाची गाडी पकडाची होती, तो समोर येऊन उभा राहिला, अन् नामदेव त्या घाईगर्दीत, पोरीचा बाप, त्याले काय सुचते, त्यानं त्यालेच आधी कुकू लावून देल्लं. आमचे मागं उभे होते. हात पुढं केलेला तसाच मागं घेतला त्यायनं, मी पाह्यलं. नंतर नामदेव आला, पाया पडला, कापड देल्लं, त्यायनं घेतलं. वापस केलं असतं तं बोभाटा झाला असता. पन घरी आल्यावर म्हनाले, तुह्या भावाच्या घरचा धागा माह्या आंगाले लागनार नाही.

मी म्हटलं, राग हाये, जाईन. त्यायच्या जुन्या शर्टावरून माप देऊन शर्ट शिवून आनला. माहेरचं काही असलं, बारसं असो का वास्तू, तो शर्ट मी धुवो, पेजेचा कलप करो, प्रेस करो, अन् खुटीवर टांगो, बाजूले दुसरा. ते दुसराच घेत. दर खेपेले दुसराच. तिथं जाऊन जेवत, बोलत, सगळं बराबर, फक्त शर्ट दुसरा. अन् माहा भाऊ त्यायच्या आंगाकडं पाहे अन् नजर फिरवून घे. लहान्या जावयानं तं आपला घालून घालून फाडला, बहिनीनं त्याचं पुसनं केलं. तेवढे साल आमचा नवाच्या नवा. मले राग ये, पन सांगू कोनाले, एक भाऊ अन् एक नवरा, दोघाईच्या मधात मी प्रेस हातात घेऊन उभी.

मंग नामदेवचं पोट दुखाले लागलं, भंडाऱ्याले भरती केलं, डाक्टरनं भावजयीले बाजूले घेऊन सांगतलं का आता जास्त आशा ठेवू नका. मी रोज जाओ डबा घेऊन. एक दिवस भावजय चहा आनाले गेली तं मले म्हनते, बाई, एक इचारू का, भाटव्यायनं माहा शर्ट कधी घातला नाही, माह्याकडून काय चुकलं? तेवढे साल त्यानं पोटात ठेवलं होतं. मी सांगून टाकलं, कुकू आधी लहान्याले लावलं म्हनून. तो पाहातच राहिला. मंग हासाले लागला, हासता हासता खोकला आला, डोळ्यातून पानी आलं. म्हने, मले तं याद पन नाही व बाई. घेऊन ये त्यायले, मी इथंच खाटेवर बसून कुकू लावतो, सगळ्या वार्डासमोर लावतो, पन तो शर्ट घालून आन.

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगतलं. जेवत होते, घास तसाच राहिला हातात. मंग म्हनाले, ऐतवारी जाऊ, कामाची सुट्टी हाये, तो शर्ट पाहून ठेव. मी म्हटलं, उद्याच चला ना, एक सुट्टी टाका. म्हने, ऐतवार काही दूर नाही.

नव्हताच दूर. पन तेच मनात बोचते मले, आतापन बोचते.

ऐतवारी सकाळीच पेज काढली होती, शर्ट वाळवून, शिपका मारून तयार. ते आंघोळ करून बनियानवर माह्यासमोर खुर्चीत बसले, पोट्टं मेळाव्याले निंगालं तसे. मलेच हासू येऊन राहिलं होतं. कॉलर झाली, कफ झाले, एक बाही झाली, अन् फोन वाजला. भावजयीचा. नुसती रडत होती ती.

मी खालीच बसली. त्यायनं माह्या हातातून प्रेस घेतली. जनमात कधी हात लावला नव्हता त्यायनं, पन राह्यलेली बाही त्यायनं केली, पाठ केली, वाकडीतिकडी, घडीवर घडी पाडली. मंग आंगात घालाले लागले. मी म्हटलं, अवो, मयतीले कोनी कलपाचा शर्ट घालते काय, लोक काय म्हनतीन, जुना घाला. तं म्हनाले, त्याले दाखवाचा हाये.

पवनीले नेलं त्याले. सगळे मळकट कपड्यात अन् हे एकटे पांढरेशुभ्र, बाया पदर तोंडाले लावून पाहून राहिल्या. हे गेले, त्याच्याजवळ वाकले, लई वेळ वाकूनच राहिले. मंग खांदा देल्ला, वैनगंगेवर गेले, अन् सगळं झाल्यावर लोकाईसंगं कपड्यासहित डुबकी मारली. घरी आले तं शर्ट आंगाले चिपकलेला, पेज सुटून हातापायाले बुळबुळीत झालेली. मी टावेल देल्ला तं घेतला नाही, वसरीत तसेच बसून राहिले.

आता ते रिटायर झाले. तो शर्ट मी धुतला अन् पुढच्या खेपेले प्रेस कराले घेतला, तं हातातून काढून घेतला, म्हने राहू दे, असाच घालतो. लगनाले जातेत, तेरवीले जातेत, बाजारात जातेत, तोच शर्ट, चुरगळलेला. लोक मले नावं ठेवतेत, कोष्ट्याची पोरगी अन् नवऱ्याचा शर्ट पाहा कसा. ठेवू द्या बाप्पा. देव त्यायले निरोगी ठेवो, अन् तेवढा शर्ट त्यायच्या आंगावर टिको. बाकी आता प्रेस घरात हाये, पन कामाची राहिली नाही.